एकसष्ट वडील बटणांच्या कारखान्यात

यंदा चौसष्ट विद्यार्थ्यांनी समाजशास्त्राच्या सिद्धांताचा पेपर दिला आणि त्यांतल्या एकसष्ट जणांचे वडील बटणांच्या कारखान्यात कामाला होते. गेल्या वर्षी अठ्ठावन्न होते. बाहेरच्या जगात बटणांचे कारखाने कधीच बंद पडले, पण आमच्या उत्तरपत्रिकांत हा धंदा दर वर्षी भरभराटीला येतोय.

प्रश्न दुसरा, विभाग अ, अभिजात सिद्धांत, वीस गुणांचा. ‘परात्मता ही संकल्पना स्पष्ट करा आणि स्वतःच्या आयुष्यातलं एक उदाहरण द्या.’ परात्मता हा शब्द ज्यांच्या वाट्याला कधी आला नाही ते सुखी आहेत. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. माणूस दिवसभर राबून जी वस्तू बनवतो ती त्याची राहत नाही. ती दुसऱ्याची होते, त्याच्याकडे परक्यासारखी बघते. मग ते कामही त्याला परकं होतं आणि शेवटी स्वतःचे हातसुद्धा. ‘स्वतःच्या आयुष्यातलं’ हे शब्द मी ठळक छापायला लावते. त्याचा आजवर काडीचाही उपयोग झालेला नाही.

उत्तर असं असतं. माझे वडील बटणांच्या कारखान्यात होते. रोज हजारो बटणांना भोकं पाडून त्यांना बटणांचा इतका तिटकारा आला की बटणाचा कपडा घालणंच त्यांनी सोडून दिलं. ते बारा महिने चेनचं जाकीट घालतात. घरी कोणी विचारलं तर म्हणतात, ‘बटणांशी माझं बोलणं बंद आहे.’

शेवटचं वाक्यसुद्धा कोणी बदलत नाही. एका मुलाचे वडील शेजारच्या अर्थशास्त्र विभागात शिकवतात. पेपर तपासला त्याच दिवशी सकाळी ते मला जिन्यात भेटले होते, शर्टाला खालपासून वरपर्यंत बटणं. एका मुलीने वडिलांच्या जागी आजोबा घातले होते. तेवढीच तिची स्वतंत्र विचारांची भर.

चोवीस वर्षं मी हा विषय शिकवतेय. माणूस साच्यातून कसा निघतो, समाज त्याच्या तोंडून कसा बोलतो, यावर मी वर्गात घसा कोरडा करते, आणि समोरची पोरं तो घसा कोरडा होण्याची वाट बघत बसतात. फाटकाशेजारच्या झेरॉक्सवाल्याकडे पिवळ्या पुठ्ठ्याच्या नोट्स मिळतात. त्यात सगळं आहे. अभिजात सिद्धांत चाळीस पानांत, समकालीन तीस पानांत, आणि तेविसाव्या पानावर हे बटणवाले वडील. वर्षानुवर्षं मी समासात ‘उदाहरण ओळखीचं वाटतं’ असं सभ्यपणे लिहून आठ-नऊ गुण देत आले. यंदा माझं डोकं फिरलं. एकसष्ट शून्यं दिली. हात दुखेपर्यंत दिली, आणि खरं सांगायचं तर बरं वाटलं.

बहुतेकांचं काही बिघडलं नाही. इतर प्रश्नांवर ते तरले, मला मागून नावं ठेवली आणि विसरले. निकालानंतर तिसऱ्या दिवशी एक मुलगी मात्र खोलीत आली. तिला मी मनात बेकरीवाली म्हणते, कारण ती पहाटेपासून बेकरीत काम करून मग तासाला येते आणि तिच्या बाहीला कुठेतरी पीठ असतंच. मागच्या बाकावर बसते. विचारलं तर उत्तर देते, नाहीतर नाही.

“मॅडम, माझा दुसरा प्रश्न.”

“शून्य.”

“ते बघितलं. का ते विचारायला आले.”

“कारण तुझे वडील बटणांच्या कारखान्यात होते.”

“हो, होते.”

“सगळ्यांचेच होते.”

“सगळ्यांचे नव्हते,” ती म्हणाली. “माझे होते.”

अशा गोष्टी मी पुष्कळ ऐकल्यात. परीक्षेच्या दिवसांत मुलांच्या घरी इतके लोक आजारी पडतात की साथ आली की काय असं वाटावं. मी तिची उत्तरपत्रिका काढली. एकूण एकतीस. पास व्हायला चाळीस लागतात. वरच्या कोपऱ्यात ‘प्रयत्न तिसरा’ असा शिक्का होता. आमच्याकडे तिसऱ्यानंतर चौथा नसतो. नोंदणी रद्द होते आणि झालेले सगळे पेपर पाण्यात जातात.

“नोट्समधलं उतरवायचं आणि वर माझे वडील म्हणायचं,” मी म्हटलं, “निदान मला मूर्ख तरी समजू नकोस.”

“पहिल्या वेळी मी बेकरीचं उदाहरण दिलं होतं,” ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण कान लाल झाले होते. “तुम्ही लिहिलंत, ‘अनुभव उलगडलेला नाही.’ दुसऱ्या वेळी उदाहरणच दिलं नाही. आमच्या घरातलं जे खरं होतं ते सगळा वर्ग लिहीत होता, म्हणून मी लिहायचं टाळलं. या वेळी म्हटलं, बास. माझ्या घरात दुसरे येऊन राहिलेत म्हणून मी किती दिवस बाहेर उभी राहू?”

मी उत्तरपत्रिका मिटली. तिनेच पुढे सांगितलं.

“नोट्समध्ये आहे ते माझ्या दादाचं उत्तर आहे. बारा वर्षांपूर्वी तो तुमच्याकडे होता. तुम्ही त्याला एकोणीस दिले होते. आणि वर्गात वाचून दाखवलं होतंत. तो घरी येऊन आठवडाभर मला तेच सांगत होता.”

आता मला आठवलं. मुलाचा चेहरा नाही आठवला, पण वाचणं आठवलं. चांगलं उत्तर हातात आलं की मी ते वर्गात वाचते, ही माझी जुनी खोड. तेही सावकाश, शब्द शब्द सोडवत, मध्ये थांबून. बटणांशी बोलणं बंद आहे, या वाक्याला मी नक्की थांबले असणार. समोर चाळीस पोरं माना खाली घालून लिहीत होती, आणि मला वाटलं होतं, आज वर्ग रंगलाय. पुढे त्यांतल्याच कोणाची तरी वही झेरॉक्सवाल्याकडे गेली. बारा वर्षं मी चोर शोधत होते, आणि घराची किल्ली मीच दारात टांगून ठेवली होती.

मी खजील झाले आणि खजील झाले की मला अजूनच राग येतो. तो नेमका कोणावर काढायचा हे कळेना, म्हणून कार्यालयात गेले.

आमच्या विभागाची कारकून बाई निवृत्तीला आली आहे आणि नियमावली तिला तोंडपाठ आहे. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “शून्य एकदा नोंदवलं की तुम्हालाही बदलता येत नाही. पण कलम एकोणीस आहे.”

“ते काय?”

“समक्ष लेखन. नकलेचा संशय असेल तर परीक्षकाने विद्यार्थ्याकडून तेच उत्तर स्वतःसमोर पुन्हा लिहून घ्यायचं. मूळ उत्तराशी जुळलं तर शून्य रद्द, नेहमीसारखे गुण द्यायचे. नाही जुळलं तर शून्य कायम. विभागाबाहेरचा एक साक्षीदार लागतो.” तिने खालच्या खणातून एक फिकट फॉर्म काढून फुंकर मारली. “एकसष्ट जणांचं घ्यायचं का?”

“एकीचं.”

“बरं झालं. फॉर्म एकच आहे.”

जुळलं म्हणजे नक्कल नाही, हे कोणत्या डोक्यातून निघालं असेल याचा मी विचार करायचं सोडून दिलं. ज्याला नक्कल पाठ आहे त्याचं तर हमखास जुळणार. पण त्याने मुलगी तरत होती, मग नियम मूर्ख असला तरी चालवून घ्यायचा. गुरुवारी दुपारी अडीचला ये आणि साक्षीदार आण, असं मी तिला सांगितलं.

ती वडिलांना घेऊन आली. दुपारच्या वेळी दुसरं कोणी मोकळं नव्हतं म्हणाली.

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. बारा वर्षं, दर वर्षी पन्नास-साठ वेळा, मी या माणसाबद्दल वाचलं होतं. साठी उलटलेली, ठेंगणे, केस नीट विंचरलेले, अंगात राखाडी जाकीट. चेनचं. उकडत होतं तरी ती गळ्यापर्यंत लावलेली. मला एकदम भरून आलं आणि मी नको तितकी बोलू लागले.

“या, बसा. तुम्हाला कल्पना नसेल, पण तुम्ही आमच्याकडे फार प्रसिद्ध आहात. सहाशे-सातशे मुलं तुमच्यावर पास झाली असतील.”

ते मुलीकडे बघू लागले.

“दादाने लिहिलं होतं, बाबा,” ती म्हणाली. “तुम्हाला सांगितलं नव्हतं आम्ही.”

“काय लिहिलं होतं?”

मी सांगितलं. तिटकारा, जाकीट, बोलणं बंद, सगळं. मोठ्या उत्साहाने सांगितलं, कारण मला वाटलं, त्यांना अभिमान वाटेल. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाले, “तिटकारा कुणाला?”

“तुम्हाला. बटणांचा.”

“नाही हो. चांगली बटणं होती. कोटाची, चार भोकांची. एका दमात चारही भोकं पाडायचो मी, एकदाही तडा नाही. लोक बघायला यायचे.”

“बाबा, तुम्हीच म्हणायचात,” मुलगी म्हणाली. “रोज जेवताना म्हणायचात.”

“म्हणायचो.” ते हसले, मग हसू गेलं. हात मांडीवर होते, ते त्यांनी उलटे करून बघितले. “चकती बोटांनी धरायची, वरून मशीन, आणि सतत गार पाण्याची धार. वीस वर्षं. आधी अंगठा बधिर झाला, मग ही दोन बोटं. दुखत नाहीत. लागतच नाही काही. बटण बोटात आहे का सुटलं तेच कळत नाही. मग लावणार कसं?”

खोलीत पंखा फिरत होता. मुलगी वडिलांच्या हातांकडे बघत होती.

“मग शर्ट कोण लावायचं?” तिने विचारलं.

“तुझी आई. तुम्ही उठायच्या आत, आतल्या खोलीत. एकदा दादाने विचारलं, बाबा, आई तुमची बटणं का लावते. काय सांगणार? म्हटलं, बटणांशी माझं बोलणं बंद आहे. तुम्ही दोघं इतकी हसलात की तुझ्या नाकातून पाणी आलं. मग रोज म्हणायला लागलो.” त्यांनी जाकिटाच्या चेनकडे बघितलं. “तुझी आई गेल्यावर चेनचं जाकीट घेतलं. चेनचा पत्रा मोठा असतो, डोळ्यांनी बघून धरता येतो.”

“बिस्किटाचा पुडा मला फोडायला लावता…”

“ते त्यामुळेच.”

“आणि सुटे पैसे मला मोजायला सांगता. मला वाटायचं, आळस.” तिचा आवाज फाटला आणि ती चिडली, वडिलांवरच चिडली. “इतकी वर्षं मी एकाच घरात राहते तुमच्याबरोबर, बाबा. एकदा सांगायला काय झालं होतं?”

“सांगून बोटं आली असती का?”

मला आठवलं की घर हेसुद्धा एक रंगमंच असतं, माणूस तिथेही सोंग वठवत असतो, आणि सोंगाची तयारी बंद दाराआड होते, हे मी दर वर्षी सप्टेंबरात शिकवते. समकालीन सिद्धांत, विभाग ब. बारा वर्षं आम्ही हा माणूस पेपरच्या चुकीच्या अर्ध्या भागात बसवत आलो होतो, आणि सगळ्यांत वरचे गुण मी दिले होते. त्यांना कंटाळा आलाय, हे मला किती पटकन पटलं होतं. कारण कंटाळलेला कामगार माझ्या सिद्धांतात बसत होता.

घड्याळात तीन वाजले. मी कोरी उत्तरपत्रिका तिच्यासमोर ठेवली. नियम सांगणं भाग होतं, तो सांगितला.

“हे आधीच्या उत्तराशी जुळायला हवं,” मी म्हटलं. “जुळलं तर पास. नाहीतर मला काही करता येणार नाही.”

“पण ते खोटं आहे.”

“मला कळतंय.”

“मग मी काय लिहू, मॅडम?”

हा प्रश्न चोवीस वर्षांत मला हजार वेळा कोणी ना कोणी विचारला आहे आणि प्रत्येक वेळी मी म्हटलंय, तुला जे खरं वाटतं ते लिही. त्या दिवशी माझी जीभ रेटेना. तिच्या वडिलांनीच उत्तर दिलं.

“लिहिलंस तेच लिही. मी म्हणायचो ना तसं? मग खोटं कुठे आहे? पास हो आणि मोकळी हो.”

तिने मान खाली घातली आणि लिहायला लागली. एक तास होता. मी दुसऱ्या टेबलाशी बसले आणि इतर कागद बघायचं नाटक केलं. वडील भिंतीशी खुर्चीवर ताठ बसले होते, जणू परीक्षा त्यांचीच होती. मनात मी सारखी म्हणत होते, पोरी, तेविसावं पान आठव, तेविसावं पान. आयुष्यभर घोकंपट्टीला शिव्या दिल्या आणि आज एका विद्यार्थिनीने नक्कल करावी म्हणून मी देव पाण्यात घालून बसले होते.

पन्नास मिनिटांत तिने कागद आणून दिला. मी उभ्या उभ्याच वाचला.

‘माझे वडील बटणांच्या कारखान्यात होते. त्यांना बटणं आवडायची. त्यांना बटण लावता येत नाही, हे मला आज दुपारी कळलं.’ पुढे आईचं बंद दार होतं, बिस्किटाचा पुडा होता. शेवटी होतं, ‘वडिलांनी कारखान्यात बटणं केली आणि घरी आमच्यासाठी एक विनोद केला. दोन्ही गोष्टी बाहेर गेल्या. बटणं कोणाच्या कोटाला लागली ते त्यांना माहीत नाही. विनोद दादा घेऊन गेला, मग मॅडमनी घेतला, मग वर्गाने. त्यावर सातशे जण पास झाले. ज्याने तो केला त्याला आजवर कोणी विचारलंसुद्धा नव्हतं. मीसुद्धा विचारलं नव्हतं. परात्मतेचं मला माहीत असलेलं उदाहरण हे आहे.’

म्हणजे ते विभाग अ मध्येच बसत होतं. मी चुकले होते, पुन्हा एकदा. इतकं चांगलं उत्तर माझ्या हातात कधी आलं नव्हतं, आणि आधीच्या उत्तराशी त्याचा एकही मुद्दा जुळत नव्हता. माझा इतका संताप झाला की तो कागद टेबलावर आपटावासा वाटला. तिच्यावर संताप, कारण सरळ मार्गाने पास होणं तिला का जमू नये. कलम एकोणीसवर आणि ते लिहिणाऱ्यावर. आणि माझ्यावर, कारण असलंच काहीतरी लिहायला मी यांना वर्षानुवर्षं सांगत होते आणि कोणीतरी लिहिलं तेव्हा माझ्याकडे त्याच्यासाठी रकाना नव्हता.

“जुळत नाही ना?” तिने विचारलं.

“बस जरा,” मी म्हटलं.

वडिलांनी साक्षीदाराच्या जागी सही केली. पेन बोटांत ठेवून आधी त्याच्याकडे बघितलं, ते नीट आहे याची खात्री केली आणि मग नजर न हलवता नाव लिहिलं. त्यांनी उत्तर वाचायला मागितलं नाही. मुलगी त्यांच्याकडे बघत होती, पेनाला मदत करायला तिचा हात अर्धा पुढे आला होता आणि मग तिने तो मागे घेतला.

माझ्यासाठी फॉर्मवर दोन रकाने होते. पहिला, ‘दोन्ही उत्तरे जुळतात: होय / नाही.’ मी ‘नाही’ वर काट मारली, ‘होय’ तसंच ठेवलं. चोवीस वर्षांत मी कुठल्याही सरकारी कागदावर खोटं लिहिलेलं नाही, आणि ते लिहिताना मला खोटं लिहितेय असं वाटलं नाही.

मूळ उत्तराला नेहमीसारखे नऊ गुण दिले. त्याहून जास्त मला प्रामाणिकपणे देता आले नसते, ते उत्तर तितकंच होतं. एकतीस आणि नऊ, चाळीस. नवीन उत्तराला गुण द्यायची सोय फॉर्ममध्ये नव्हती. ते मी माझ्या खणात ठेवलं आहे. वर्गात वाचलेलं नाही, वाचणारही नाही.

कारकून बाईने फॉर्म हातात घेतला, मग दोन्ही उत्तरपत्रिका मागितल्या. चष्मा लावून दोन्ही सावकाश वाचल्या. आधीची, मग नंतरची. वाचून झाल्यावर माझ्याकडे न बघता बाहेरच्या बाकाकडे बघितलं. तिथे ती दोघं थांबली होती, आणि मुलगी वडिलांना बिस्किटाचा पुडा फोडून देत होती.

“दुसरा रकाना कोरा आहे,” कारकून बाई म्हणाली. “कोणत्या बाबी जुळतात ते लिहावं लागतं. नाहीतर वरून परत येईल.”

तिने फॉर्म माझ्याकडे सरकवला आणि शिक्का हातात घेऊन थांबली. मी पेन घेतलं आणि त्या रकान्यात लिहिलं, ‘वडील.’